पोचमपल्ली : गोदाकाठचे एक तेलुगू गाव आणि आपण

(मालवण येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले, असे माझ्या कानी आले आहे. मालवणच्या किनाऱ्यावर, माडांच्या सावलीत बसून, तेलुगू बोलणाऱ्या एका लहानशा गावाचा इतिहास ऐकण्याचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भाषणाच्या ओघात मिळावे अशी माझी खटपट राहील. तूर्त एवढेच सांगतो की, ज्या गावाविषयी मी बोलणार आहे ते परक्या मुलखातले नाही. ते महाराष्ट्रातच आहे. राज्याच्या नकाशावर आपण पश्चिमेच्या समुद्राला टेकलेले. ते पार पूर्वेच्या टोकाला, गोदावरीला टेकलेले.

गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा नावाचा तालुका आहे. प्राणहिता नदी तेथे गोदावरीला मिळते आणि पुढे सोमनूरजवळ इंद्रावती येऊन मिळते. नदीच्या पलीकडच्या काठावर तेलंगण. या तालुक्यात अंकिसा, असरअल्ली, कोत्तापल्ली अशी गावे आहेत. नावे ऐकताच कळते की आपण मराठीच्या शेवटच्या वेशीवर आलो. घरात, शेतात, बाजारात तेथे मुख्यत्वे तेलुगू चालते. शाळेत व कचेरीत मराठी. आपल्याकडे मुलगा घरी मालवणी बोलतो आणि शाळेत गेल्यावर गुरुजींची पुस्तकी मराठी ऐकून पहिले वर्षभर गोंधळतो, हे आपण जाणतोच. मालवणी ही निदान मराठीची सख्खी बहीण आहे. सिरोंच्याच्या मुलाला तर निराळ्याच कुळाच्या भाषेतून निराळ्याच कुळाच्या भाषेत उडी घ्यावी लागते. १९५६ साली राज्यघटनेत ३५०-अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने सोयी कराव्यात, असे त्यात म्हटले आहे. कलम झाले, पण मुलाची उडी काही चुकली नाही.

या तालुक्यातील एक गाव म्हणजे पोचमपल्ली. पल्ली म्हणजे गाव, आणि पोचम्मा ही तेलुगू मुलखातली ग्रामदेवता, रोगराईची, विशेषतः देवीच्या रोगाची देवता. आपण मराठी माणसांनी तर त्या रोगालाच 'देवी' असे नाव देऊन टाकले, म्हणजे देवता आणि व्याधी यांत भेदच ठेवला नाही! लस निघाली, गावोगाव टोचण्यात आली, १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९८० साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. रोग गेला, देवता मात्र नवस घेत आपल्या जागी बसूनच आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

आता या गावाच्या इतिहासाकडे वळू. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. सीमेवरच्या गावाचा इतिहास निराळा असतो. तेथे माणसे हलत नाहीत, राज्ये हलतात. सिरोंच्याचा मुलूख १८६० साली निजामाकडून इंग्रजांकडे आला. अपर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे ठरले. १८७४ साली तो जिल्हा मोडला आणि मुलूख चांदा जिल्ह्यात गेला. म्हणजे मध्य प्रांतात, पुढे मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाबरोबर तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात गेला. आपला सिंधुदुर्ग जिल्हाही १ मे १९८१ चाच. तोवर आपण रत्नागिरीचे होतो. पण आपल्याला राज्य बदलावे लागले नाही, की साहेबाची भाषा बदलली म्हणून अर्जाची भाषा बदलावी लागली नाही. पलीकडच्या काठावर तर याहून अधिक उलथापालथ झाली. तेथे १९४८ पर्यंत निजाम, मग हैदराबाद राज्य, १९५६ पासून आंध्र प्रदेश आणि २ जून २०१४ पासून तेलंगण. नदीच्या दोन्ही काठांवर नातीगोती एक, बोली एक. पण जातीचा दाखला काढायचा तर कायदे दोन आणि कचेऱ्याही दोन.

यातील एक योगायोग आपण लक्षात ठेवावा. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील सोहळ्यानंतर परमपूज्य बाबासाहेब १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यास गेले आणि तेथे त्यांनी आपल्या बांधवांना धम्मदीक्षा दिली. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे हे त्याच चांद्याचे. सिरोंचा तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या ठाण्यात बाबासाहेबांनी आपल्या हाताने धम्मदीक्षा दिली, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला ही तेलुगू बोलणारी गावे होती. आपल्या कोकणाच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाडवडिलांनी दीक्षा घेतली ती बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, मुंबईहून गावी आलेल्या गिरणीकामगारांच्या तोंडून प्रतिज्ञा ऐकून.

पोचमपल्लीचे नाव विद्वानांच्या जगात गेले ते मात्र तेथील माणसांमुळे नव्हे, तर हाडांमुळे. १९५८ पासून १९६१ पर्यंत कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील शास्त्रज्ञांना या गावाच्या परिसरात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड प्राण्याची सुमारे ३०० हाडे मिळाली. मांडीचे हाड माणसाच्या उंचीएवढे! प्राण्याचे नाव ठेवले बारापासॉरस, म्हणजे मोठ्या पायाचा सरडा. आणि १९६१ हे रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष म्हणून जातिनामात टागोरांचे नाव गुंफले. तो सांगाडा आज कलकत्त्याच्या संग्रहालयात उभा आहे. शास्त्रज्ञांना मी दोष देत नाही. ज्ञानाचे काम त्यांनी चोख केले आणि आपल्या मुलांनी ते वाचावे. पण विचार करा, एका गावाच्या जमिनीतील मृत प्राण्याची हाडे मोजली गेली, त्यांना नावे मिळाली, ती कलकत्त्यास पोहोचली. त्याच जमिनीवर राबणाऱ्या जिवंत माणसाच्या नावावर त्या जमिनीतील किती गुंठे आहेत, हे मोजायला त्या काळी कोण आले होते?

जमिनीचा विषय निघाला म्हणून दुसऱ्या पोचमपल्लीची हकिकत सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. हे दुसरे पोचमपल्ली तेलंगणात, तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यात आहे. हातमागावरील इकत कापडासाठी ते प्रसिद्ध आहे. तेथे १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबा भावे पायी आले. तेलंगणात त्यापूर्वी पाच वर्षे शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. जमीनदारांच्या गढ्या रिकाम्या पडल्या होत्या. पोचमपल्लीतील ४० अस्पृश्य कुटुंबांनी विनोबांना सांगितले, आम्हाला ८० एकर जमीन मिळाली तर आम्ही जगू. सभेत रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी १०० एकर देण्याचे जाहीर केले. तेथून भूदान चळवळ निघाली.

आता ही कथा शाळेच्या पुस्तकांतून कशी सांगितली जाते पाहा. विनोबांचे नाव येते, रेड्डींचे नाव येते. मागणी करणाऱ्या त्या ४० कुटुंबांतील एकाचेही नाव आपल्या कानावर पडत नाही. वस्तुतः त्या दिवशी पोचमपल्लीत जे घडले त्याचा आरंभ देणाऱ्याने केला नव्हता, मागणाऱ्यांनी केला होता. एकर किती लागतील, त्यात ओलिताचे किती आणि कोरडवाहू किती, याचा हिशेब त्यांनी मांडला होता. हिशेब मांडून मागणारा माणूस भिकारी नसतो. तो हक्कदार असतो. परंतु हक्काच्या मागणीला दानाचे वस्त्र नेसवले की घेणाऱ्याची मान खाली जाते आणि देणारा पुण्यवान ठरतो. त्या रेड्डींच्या मनाचा मोठेपणा मी नाकारीत नाही. माझे म्हणणे पद्धतीविषयी आहे. पुढे देशभर लाखो एकरांची दानपत्रे झाली. त्यातील मोठा भाग वाटलाच गेला नाही, आणि जो वाटला त्यातही पडीक आणि वादातली जमीन पुष्कळ निघाली. दात्याच्या मनावर सोपविलेल्या न्यायाचे असेच होते.

याच्या शेजारी आपला मार्ग ठेवून पाहा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. त्यांनी खोतांच्या दारी जाऊन दान मागितले नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील कुळांना, महारांना आणि कुणब्यांना बरोबर घेऊन, खोती हा अन्याय आहे आणि तो कायद्याने जावा, असे त्यांनी सांगितले. त्यांचे बिल तेव्हा पार पडले नाही, पण खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली. तद्वतच ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. तीत दयेची याचना कोठेही नव्हती. पोचमपल्लीचे ते ४० कुटुंबप्रमुख आणि हे सत्याग्रही एकाच जातीचे नव्हते, एका भाषेचेही नव्हते. पण त्यांची मागणी एकच होती.

आणि मागणी एक का, तर दुःख एक म्हणून. तेलुगू मुलखात अस्पृश्यांच्या दोन मोठ्या जाती आहेत, माला आणि मादिगा. त्यांच्या वस्तीला तेथे 'वेलिवाडा' म्हणतात. वेलि म्हणजे बाहेर. गावाबाहेरचा वाडा! आपल्या वेशीबाहेरच्या महारवाड्याला याहून नेमका तेलुगू शब्द शोधूनही सापडणार नाही. तेथे जमीनदाराच्या घरी प्रत्येक कुटुंबाने फुकट राबण्याच्या पद्धतीला 'वेट्टी' म्हणत. ओझी वाहायची, निरोप पोहोचवायचे, साहेब मुक्कामाला आला की त्याची व्यवस्था ठेवायची. आपण म्हणतो वेठ. शब्दसुद्धा एकच! आपल्याकडे गावऱ्हाटीत महाराला ठरलेले काम आणि ठरलेली जागा होती. काम देवळाचे, जागा देवळाबाहेरची. तेथे ग्रामदेवतेच्या जत्रेत डप्पू नावाचे चर्मवाद्य वाजविणे मादिगाकडे. ज्याने चामडे कमावले, वाद्य घडविले आणि रात्रभर वाजविले, त्याची जागा बाहेरच. ही कामे आपण नाकारली तेव्हा गावोगाव बोलाचाली झाल्या, वाटा अडल्या. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी ते नव्याने सांगायला नको.

गुर्रम जाषुवा नावाचे एक मोठे तेलुगू कवी होऊन गेले. १९४१ साली त्यांनी 'गब्बिलम' नावाचे काव्य लिहिले. गब्बिलम म्हणजे वटवाघूळ. त्यात एक भुकेला अस्पृश्य शिवाकडे आपले गाऱ्हाणे पाठवितो आणि दूत म्हणून वटवाघळाला निवडतो. कारण त्याला स्वतःला देवळात जायला मज्जाव, वटवाघळाला नाही. कालिदासाने मेघाला दूत केला, हे आपल्याला शाळेत शिकवितात. या दुसऱ्या दूताचे नाव किती मराठी शाळांत उच्चारले जाते?

वेलिवाडा हा शब्द जुना झाला, असे कोणी म्हणेल. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातून पाच दलित विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर काढले, तेव्हा त्यांनी उघड्यावर मुक्काम ठोकला आणि त्या जागेला नाव दिले ते 'वेलिवाडा'. त्यांतील रोहित वेमुलाने १७ जानेवारीस प्राण सोडला. त्याच वर्षी १४ एप्रिल रोजी त्याची आई राधिका आणि भाऊ राजा यांनी मुंबईत, दादरच्या आंबेडकर भवनात, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या माउलीची भाषा तेलुगू. तिने त्रिसरण उच्चारले ते पाली भाषेत, जी तिचीही बोली नव्हे आणि आपलीही नव्हे. म्हणूनच ती दोघांना सारखी आपली.

येथून मला मुद्द्याची आणि थोडी कडू गोष्ट बोलावयाची आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात साडेआठ कोटींच्या आसपास लोकवस्ती होती, आणि बौद्धांची संख्या ४० हजारांच्या आत! ज्या भूमीत अमरावतीचा स्तूप उभा राहिला, नागार्जुनकोंड्याचे विहार उभे राहिले, त्या भूमीची ही नोंद आहे. सुत्तनिपातात बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. तो गोदावरीच्या तीरावर राहत असे. वृद्धापकाळी त्याने आपले १६ शिष्य बुद्धाकडे प्रश्न विचारायला उत्तरेस धाडले; ते पैठणवरून गेले. याचा अर्थ, गोदाकाठाने तथागताचा पत्ता आपणा किनाऱ्यावरच्यांच्या पुष्कळ आधी शोधला होता. हैदराबादेत भाग्यरेड्डी वर्मा यांनी १९०६ साली जगन्मित्र मंडळी स्थापून अस्पृश्यांत जागृती सुरू केली आणि १९५६ च्या कितीतरी आधी बुद्धजयंती साजरी केली. ते १९३९ साली वारले. नागपूरचा सोहळा पाहण्यास ते नव्हते.

मग धम्म तेथे का पसरला नाही? कारणे अनेक आहेत. त्यांतील एक आपल्या घरात आहे, तेवढेच मी सांगतो. आपण धम्म घेतला, पण नकळत त्याला आपल्या जातीचे आणि आपल्या भाषेचे कुंपण घातले. लग्न ठरविताना आपण विचारतो, मुलगी बौद्ध आहे ना? आणि लगेच दुसरा प्रश्न विचारतो, पूर्वीचे कोण? त्या दुसऱ्या प्रश्नात सारा जुना महारवाडा शिल्लक आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत महार आहे, तसेच मादिगा, मादगी, माला, माला साले-नेतकानी हीही नावे आहेत. उद्या सिरोंच्याचे एखादे तेलुगू बोलणारे मादगी कुटुंब दीक्षा घेऊन मुंबईत आपल्या शेजारी राहावयास आले, तर त्याला विहारात चटई देणे सोपे आहे. घरात सून म्हणून त्याची मुलगी आणण्यास आपल्यापैकी किती तयार आहेत, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. मुंबईत कामाठीपुऱ्यात तेलुगू मजूर राहत आणि थोड्या अंतरावर आपले कोकणातले गिरणीकामगार. नळ एक, मालक एक. तरी येजा फारशी झाली नाही.

बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांविषयी लिहिताना आंध्र आणि महाराष्ट्र यांची उदाहरणे शेजारीशेजारी ठेवली होती. भाषेचे राज्य झाले की त्यात एखाद-दुसरी मोठी जात जमीन आणि सत्ता यांची धनी होते आणि अस्पृश्य तिच्या हाताखाली राहतो, असा इशारा त्यांनी दिला. तेथे कम्मा आणि रेड्डी, येथे मराठा. दोन भाषांतील बलवानांचे हितसंबंध सहज जुळतात, हेही पोचमपल्लीत दिसून आले. गोदावरीवर मेडीगड्ड्याचा प्रचंड बंधारा बांधण्याचे दोन राज्यांनी २०१६ साली ठरविले, जून २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. बंधाऱ्याचे एक टोक तेलंगणात, दुसरे सिरोंचा तालुक्यात. सिरोंच्याच्या शेतकऱ्यांना पिकांत पाणी शिरल्यावर मोबदल्यासाठी उपोषणे करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांबच खचले.

आता व्यवहाराची गोष्ट, कारण आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे धम्मात नवीन आहेत आणि दाखल्यांविषयी अनेकांच्या मनात भीती आहे. धम्म घेतला म्हणून सवलत जाते, ही समजूत आज खरी नाही. १९५६ नंतर पुष्कळ वर्षे केंद्राने ती खरोखरच नाकारली होती. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु केंद्राचा कायदा १९९० साली बदलला. तेव्हापासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्याचा हक्क सर्व देशात कायम राहतो, मग तो मराठी महार असो वा तेलुगू मादिगा. मात्र पूर्वजांची जात १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या कागदाने दाखवावी लागते. तो कागद कोठे मिळेल? आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात, किंवा जन्ममृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. कितीतरी गावी ते कोतवाल आपलेच आजे-पणजे होते. इतरांचे जन्म त्यांनी सांगितले आणि नोंदविले गेले; आपल्या घरचे सांगितले की नाही, ते पाहिले पाहिजे.

दुसरा कागद जमिनीचा. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले आणि वतनाची जमीन ठरावीक रक्कम भरून आपल्या नावावर करून घेण्याची तरतूद झाली. ज्यांनी रक्कम भरली त्यांच्या सात-बारावर नवीन शर्तीची नोंद असेल. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही. पर्यटनासाठी किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव चढल्यापासून कोरे कागद घेऊन सह्या मागणारे लोक वाड्यांतून फिरत आहेत. सही करण्यापूर्वी फेरफार वाचून घ्यावा; वाचता येत नसेल तर वाडीतल्या शिकलेल्या मुलीकडून वाचवून घ्यावा.

वाडीच्या इतिहासाची एक वही करण्याचे आजच्या बैठकीत ठरले आहे. वेलिवाड्याचा इतिहास वेलिवाड्यानेच लिहिला पाहिजे, म्हणून तीत पहिल्यांदा माणसांची नावे यावीत: दीक्षा कोणी कधी घेतली, महारकी कोणी सोडली, वाट अडविली तेव्हा कोण पुढे झाले. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यानंतर प्रत्येक घराने आपल्याकडील जुना दाखला, सात-बारा, वतनाची पावती, जे असेल ते, विहारात आणावे. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नयेत. नकला तेथेच काढल्या जातील. ज्यांच्याकडे कागद नसेल त्यांनी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला घेऊन यावे. जय भीम.